आधी आणखी एक घोट

१२ जून, सकाळ

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाला हात घालणाऱ्याने ती ठेवावी, म्हणजे उद्या कोणी आपल्या नावावर चिखल उडवला तर आपल्याकडे काहीतरी लिहिलेलं असतं. ही कोणी वाचायची नाही. माझ्या बायकोने, न्देशीने, तर मुळीच नाही. तिला वाचता येतं, हीच अडचण आहे.

काम असं. खाली मोशी शहरातल्या संस्कृती ऑफिसातली डोरीन मॅडम आमच्या या डोंगरउतारावरच्या म्बेगेचा इतिहास गोळा करते आहे. केळी आणि नाचणीची ही दारू इथे कोण कशी लावत आलं, विकायला सुरुवात कोणी केली, सगळं म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून रेकॉर्ड करायचं. रविवारी चर्च सुटल्यावर तिने विचारलं, हे काम कोण करील. मी हात वर केला. दुसऱ्या कोणीही केला नाही. लोक मला किती मानतात ते यावरून कळावं.

रेकॉर्डर साबणाच्या वडीएवढा आहे. नाचणीच्या टोपलीत लपवला आहे. शेजारपाजारचा भरवसा नाही.

जुलैच्या शेवटी मॅडम येऊन मशीन नेणार. मग मोशीत एक मोठा कार्यक्रम, हॉल भरून माणसं, आणि सगळ्यांना ते ऐकवणार. सुरुवातीला जो आवाज येईल तो माझा असेल. आणि तो आवाज सांगेल की या उतारावर म्बेगेचा धंदा माझ्या वडिलांनी उभा केला. हे आता कोणाला आठवत नाही, किंवा आठवून सांगत नाहीत.

ठरवलं आहे: कमी बोलायचं, जास्त ऐकायचं. भांडायचं नाही. मुलाखत घेताना प्यायचं नाही.

१३ जून

मशीन तपासायला आधी स्वतःचीच मुलाखत घेतली. प्रश्न मी विचारले, उत्तरं मी दिली. दोन्ही चांगली झाली.

मी सांगितलं की वडील रोज पहाटे पिंपाशी उभे असत. डोक्यावर पांढरी टोपी, हातात काठी. लांबलांबून लोक येत आणि आधी त्यांना नमस्कार करत. आई फक्त ढवळायची. ढवळणं हे हाताचं काम आहे, त्यात इतिहास नसतो.

एवढ्यात न्देशीने आतून विचारलं, आणि केळी कोण सोलायचं? तिचा आवाज टेपवर आला. सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. दुसऱ्यांदा टोपीबद्दल जास्त बोललो. दुपारचा राजमा करपला, त्याचं खापर माझ्यावर.

१६ जून, दुपार

ओबेदीची मुलाखत. ओबेदी माझा जुना मित्र. बाजारात दुकानापुढच्या बाकावर सकाळी बसतो तो संध्याकाळी उठतो, त्यामुळे त्याला सगळ्या गावाचं माहीत असतं. म्हणाला, घसा कोरडा आहे, इतिहास बाहेर येत नाही. त्याला भोपळ्याचा एक तुंबा भरून म्बेगे पाजली. तो एकटा पीत नाही म्हणून मीही घेतली. याला मुलाखतीत पिणं म्हणता येणार नाही.

मग विचारलं, या उतारावर म्बेगेचा धंदा कोणी सुरू केला? म्हणाला, तुझ्या आईने. चव तिच्या हाताची. तिच्यामागे ती चव आली आइकांदेच्या हाताला. मी म्हणालो, नीट आठवून सांग, माझे वडील पिंपाशी उभे असत की नाही? म्हणाला, असत ना. भिंतीला धरून.

मी मशीन बंद केलं नाही. सरळ त्याला समजावून सांगितलं की खरी हकीकत काय होती. बराच वेळ सांगितली. शेवटी त्याला पटलं असावं, कारण तो उलट काही बोलला नाही. झोपला होता.

एकंदर रेकॉर्डिंग चांगलं. माझा आवाज स्पष्ट आला आहे.

रात्री छातीत धडधड. न्देशी म्हणाली, सकाळी दारू, दुपारी दारू, धडधड नाही होणार तर काय. सकाळी घेतली नव्हती. बायका अशा गोष्टी वाढवतात.

१९ जून

ओढ्याच्या कडेला बायका म्बेगे लावतात तिथे गेलो. सात-आठ जणी होत्या. एक केळी सोलत होती, दोघी मोठ्या पातेल्यात लाकडी वल्ह्याने ढवळत होत्या. मशीन वर धरलं आणि म्हणालो, बोला. कोणी बोलेना. धूर डोळ्यांत. मग एक म्हणाली, आजोबा, आम्हाला काय विचारता, आइकांदेला विचारा, आम्ही तिच्याकडूनच शिकलो. दुसरी म्हणाली, तिला कसं विचारतील, त्यांना आणखी एक घोट लागतो. सगळ्या हसल्या. वल्हं धरलेल्या दोघी तर ढवळायचं सोडून हसल्या.

आइकांदे म्हणजे माझी वहिनी. थोरला भाऊ एफाता, त्याची विधवा. आमची घरं एकाच केळीच्या बागेत आहेत, मध्ये फक्त इसालेच्या झुडपांचं कुंपण. आम्ही बोलत नाही. कारण क्षुल्लक आहे, पण इथे लिहून ठेवतो, कारण लोक उलटंसुलटं सांगतात.

म्बेगे देणारी बाई आधी स्वतः एक घोट घेते आणि मग तुंबा पुढे करते. आत काही वाईट नाही हे सगळ्यांना दिसावं म्हणून. एफाताला माती दिली त्या दिवशी तिने घोट घेतला, तुंबा माझ्यापुढे धरला. मी एवढंच म्हणालो, आधी आणखी एक घोट घे. केवळ सावधगिरी. एफाता धडधाकट होता आणि दोन दिवसांत गेला, कोणीही असं म्हणालं असतं. सगळं अंगण गप्प झालं. पाद्रीसाहेब खोकले. ती तुंबा घेऊन तशीच पुढच्या माणसाकडे वळली.

तेव्हापासून लग्न असो, बाप्तिस्मा असो, तिच्या हातचा तुंबा फिरत फिरत माझ्या शेजारच्यापर्यंत येतो आणि मला ओलांडून पुढे जातो. मला काही वाटत नाही. तिची म्बेगे पातळ असते असं ऐकतो.

२२ जून

न्देशी म्हणाली, इसालेचं पान घेऊन जा आणि मोकळे व्हा.

इसालेच्या पानाला गाठ मारून ते कोणाच्या हातात दिलं की ती माफी झाली. ज्याला दिलं त्याला ते नाकारता येत नाही, मग खून असो की शेळी चोरलेली असो. तेव्हा मी विचारलं, माफी कशाची? म्हणाली, तुम्हाला माहीत आहे. म्हणालो, मला माहीत नाही. म्हणाली, मग सगळ्या गावाला विचारा, मशीन आहेच हातात.

माझी बायको माझ्याच घरात माझ्याविरुद्ध. जेवलो नाही. नंतर जेवलो, कारण औषध उपाशीपोटी घेता येत नाही.

२५ जून, पहाट

वेगळा मार्ग. आइकांदे पहाटे अंगणात काम करताना बडबडते. कुंपणाच्या अलीकडे बसून गुपचूप रेकॉर्ड करायचं. तिलाही त्रास नाही, मलाही कमीपणा नाही.

त्याच दिवशी, सकाळ

धुकं होतं. बसायची जागा ओली. ती एक शब्द बोलली नाही. पातेलं घासलं, कोंबड्यांना दाणे टाकले. मला खोकला आला. मी तोंडावर टोपी दाबली, तरी आला. कुंपणापलीकडून ती मोठ्याने म्हणाली, भाऊजी, थंडीत बसायचं असेल तर गोणपाट घालून बसा, मूळव्याध होईल.

इतक्या वर्षांत तिने माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. तेही मशीनवर आलं आहे. पुसता येत नाही, बटण सापडत नाही.

३० जून

डोरीन मॅडमचा फोन. मी सांगितलं, काम जोरात आहे. तिने विचारलं, आइकांदे आजींची मुलाखत झाली? म्हणालो, त्यांची तब्येत बरी नसते. म्हणाली, कालच बाजारात भेटल्या, डोक्यावर केळीचा घड होता. पुढे म्हणाली, आजोबा, त्यांच्याशिवाय या उताराचा इतिहास होणार नाही. तुम्हाला जमत नसेल तर सांगा, मी दुसऱ्या कोणाला मशीन देते.

दुसऱ्या कोणाला. या गावात बटण कुठलं दाबायचं हे कळणारा माझ्याशिवाय कोण आहे? चौथीपर्यंत शिकलो आहे, आणि ती तेव्हाची चौथी. कॉफी सोसायटीच्या गोदामावर आयुष्यभर पहारा केला, एक पोतं हललं नाही. जे हललं ते माझ्या पाळीत नव्हतं.

रात्रभर विचार. पान द्यायचं, पण मनात माफी मागायची नाही. मनात ठरवायचं की हे मुलाखतीचं साहित्य आहे, जशी बॅटरी. मन आपलं आहे, त्यात कोणी बघत नाही.

२ जुलै

पान दिलं.

आधी माझ्या बाजूने कुंपणातून तोडायला गेलो, तर माझ्या बाजूची पानं शेळीने खाल्लेली. पलीकडे हात घालून तोडावं लागलं. ती अंगणात उभी राहून बघत होती. म्हणाली, भाऊजी, ते जुनं आहे, त्याच्या वरचं घ्या. म्हणजे माझ्या माफीचं पान तिनेच निवडून दिलं. माफी नव्हतीच, हे मी वर लिहिलं आहे.

गाठ मारून दिलं. ती एकटी असेल असा अंदाज होता. पण ओढ्यावरच्या दोघी आणि ओबेदी तिथे होते. ओबेदी तिथे कशाला होता हे त्याला विचारायचं आहे. तिने दोन्ही हातांनी पान घेतलं आणि दारावर खोचलं. म्हणाली, पान आलं, नाही म्हणता येत नाही. मी लगेच मशीन काढलं. म्हणाली, थांबा. पानामागून म्बेगे येते. आणि ती माफी मागणाऱ्याच्या हातची लागते, बायकोच्या हातची चालत नाही.

मी म्हणालो, त्यात काय. ज्याचे वडील पिंपाशी उभे असत त्याला म्बेगे लावायला सांगता? ती हसली नाही. म्हणाली, हो भाऊजी, त्यालाच सांगते.

ओबेदी मात्र हसला.

४ जुलै

केळी आणली. पिकलेली, काळ्या ठिपक्यांची. न्देशी बघून म्हणाली, ही जात उकडून खायची आहे, दारूची नाही. मी म्हणालो, केळं ते केळं. दिवसभर सोललं. बोटं चिकट आणि काळी. संध्याकाळी उकळायला ठेवलं आणि चुलीशी उभा राहिलो, वडील उभे असत तसा. पाय दुखले. वडिलांना हे रोज कसं जमत होतं कळत नाही. माझ्यापेक्षा मजबूत माणूस.

उभं राहिलं की खाली लागतं, हे कोणी सांगितलं नव्हतं. न्देशीने वल्हं पुढे केलं. मी घेतलं नाही. तळाचं करपलं. वरचं चांगलं आहे.

सगळी कृती बोलून रेकॉर्ड केली. पुढच्या पिढीला उपयोगी पडेल.

१० जुलै

केळ्यांचा रस माठात झाकून ठेवला आहे. रोज झाकण काढून बघतो. वास येतो. कसला ते सांगता येत नाही.

आता नाचणी. न्देशी म्हणाली, नाचणी भिजवून मोड आणा, वाळवा, मग दळा. हे करायला आठवडा जातो. बाजारात नाचणीचं तयार पीठ पाकिटात मिळतं. नाचणी तीच, दळणारा वेगळा. वेळ वाचवणं हाही शहाणपणा आहे, पण तो आमच्याकडे कोणाला कळत नाही.

म्बेगेत कडू झाडाची साल टाकतात, ती दुप्पट टाकली. वडिलांच्या म्बेगेला जी धार होती ती सालीचीच असणार, असं मला उभ्या-उभ्या सुचलं. न्देशी म्हणाली, मेल्यानंतर तरी त्यांना सुखाने राहू द्या.

१३ जुलै, सकाळ

फेस नाही. म्बेगेला फेस यायला हवा. माठाला कान लावला. आत काही नाही. खाली लापशी बसली आहे, वर पाणी तरंगतं आहे.

कोणीतरी नजर लावली. काल ओबेदी दोनदा येऊन डोकावून गेला.

संध्याकाळ. दुकानातून बिअरच्या दोन बाटल्या आणल्या आणि माठात ओतल्या. फेस आला. चांगला, पांढरा, वडिलांच्या टोपीसारखा. ही फसवणूक नाही. बिअरही धान्याचीच असते. रिकाम्या बाटल्या नाचणीच्या टोपलीत लपवल्या.

१४ जुलै

फेस गेला. आणखी एक बाटली.

१५ जुलै, रात्र

थोडक्यात लिहितो.

माठ आइकांदेच्या अंगणात नेला. न्देशीने एका बाजूने माठ धरला, पण मी म्हणालो, सोड, माफी मागणाऱ्यानेच न्यायचा असतो, म्हणजे माफी नसली तरी. मशीन चालू करून तिच्या स्टुलावर ठेवलं. आज तिला बोलावंच लागणार होतं. ओढ्यावरच्या सगळ्या बायका, ओबेदी, कुंपणापाशी आणखी पाच-सहा जण. जत्राच होती.

आइकांदेने मला तुंबा भरून दिला. आज देणारा मी, तेव्हा पहिला घोट माझा. घेतला.

कसा होता ते लिहीत नाही. डोळ्यांतून पाणी आलं. साल घशात बसली. खोकला आला पण तोंड बंद ठेवलं. मान हलवली, म्हणजे चव चांगली आहे असं दाखवलं. तुंबा तिच्यापुढे धरला.

तिने तुंबा घेतला नाही. हात पुढे केला होता, तो मागे घेतला. सगळं अंगण गप्प झालं. त्या दिवशी झालं होतं तसंच. आणि ती हळू, अगदी साध्या आवाजात म्हणाली, भाऊजी, आधी आणखी एक घोट घ्या.

मी ओबेदीकडे बघितलं. तो पायाकडे बघत होता. न्देशीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती.

घेतला. मोठा घेतला. मग तुंबा तिच्या हातात दिला आणि निघून आलो. चपला एक डावी एक उजवी नाही, दोन्ही डाव्या घातल्या, एक ओबेदीची. कुंपण ओलांडलं आणि केळीखाली ओकलो.

माझ्या चांगुलपणाचा असा फायदा घेतला. यापुढे या बाईशी संबंध नाही. पान परत मागणार. पान परत मागता येतं का ते कोणाला तरी विचारायला हवं.

मशीन तिथेच राहिलं.

१६ जुलै

न्देशीने मशीन आणून दिलं. म्हणाली, बॅटरी संपेपर्यंत चालू होतं. पुसायचं बटण अजून सापडत नाही. ऐकलं नाही. ऐकणारही नाही.

न्देशी तिथे रात्रीपर्यंत होती. काय बोलणं झालं विचारलं तर म्हणाली, तुम्ही तर संबंध ठेवणार नाही ना, मग कशाला विचारता.

२० जुलै

ताप. थोडा. न्देशीला कपाळ दाखवलं. म्हणाली, ताप नाही.

ओबेदीने चप्पल परत आणली नाही. त्याची माझ्याकडे आहे, ती मी देणार नाही.

२८ जुलै

डोरीन मॅडम आली. ओसरीवर बसली, कानात वायर घालून सगळं ऐकत गेली. मी पांढरी टोपी घालून समोर उभा. चेहऱ्यावरून काही कळेना. शेवटी म्हणाली, आजोबा, मुलाखती कुठे आहेत? मी म्हणालो, याच. म्हणाली, यात प्रश्नही तुम्ही विचारता आणि उत्तरही तुम्हीच देता. ओबेदी आजोबांचं घोरणं तेवढं स्पष्ट आहे. ही एक पहाटेची आहे, त्यात मूळव्याध आहे.

मी सांगायला लागलो की ओबेदी चुकीचं बोलत होता म्हणून. तिने हात वर केला. शेवटचं लावलं होतं, पंधरा तारखेचं. ऐकता ऐकता सरळ बसली. मग वायर काढून मशीन ओसरीवर ठेवलं, म्हणाली, तुम्हीही ऐका.

आधी माझा घोट. मग खोकला, तोंड बंद ठेवूनही आलेला. मग ती, आधी आणखी एक घोट घ्या. मग पुन्हा घोट. मग चपला.

मग हसणं. बराच वेळ हसणं. कोणी म्हणाली, फेकून द्या ती, वासरालाही घालू नका. आइकांदे म्हणाली, पान आलंय घरात. फेकता येत नाही. द्या इकडे. मग तिचा घोट ऐकू आला. मग तिचा खोकला, माझ्यापेक्षा मोठा. म्हणाली, नाचणीला मोडच आणलेले नाहीत. साल दोन माठांना पुरेल एवढी आहे. आणि यात बाटलीतली बिअर आहे गं.

आणि तिथून सुटल्या सगळ्या. मोड किती वाढू द्यायचे, कुठलं केळं, रस कधी गाळायचा, कुठल्या गवतातून गाळायचा. एक सांगे, दुसरी म्हणे असं नव्हे, तिसरी आपल्या आजीचं सांगे. माझं प्रत्येक चुकलेलं घेऊन ते कसं करायचं हे सांगत होत्या. मॅडम पटापट लिहून घेत होती.

मग आइकांदे माझ्या आईबद्दल बोलली. म्हणाली, सासूबाईंनी धंदा सुरू केला तो सासऱ्यांच्या पिण्याला कंटाळून. घरात बसवलं तर माठ रिकामा करायचे. म्हणून त्यांना पांढरी टोपी घालून बाहेर पिंपाशी उभं करायच्या. चारचौघांसमोर हात लावायला लाजायचे बिचारे. दिवसभर उभे. रोज. त्यामुळे विकायला म्बेगे उरायची.

न्देशी आत भांडी जास्त वाजवू लागली.

म्हणजे वडील पिंपाशी उभे असत, हे आइकांदेनेही मान्य केलं. टोपीचंही. मी नेमकं हेच म्हणत होतो.

मॅडम म्हणाली, कार्यक्रमाची सुरुवात इथूनच करते, याच रेकॉर्डिंगने. मी विचारलं, पहिला आवाज कोणाचा? म्हणाली, तुमचाच, आजोबा. खोकला.

मशीन घेऊन गेली. जाताना मला चहासुद्धा नीट घेऊ दिला नाही, घाईत होती, कुंपणापलीकडे गेली आणि तिथे संध्याकाळपर्यंत बसली.

३१ जुलै

रेकॉर्डिंगच्या शेवटी, बॅटरी संपता संपता, आइकांदे आणखी एक वाक्य बोलली होती. मॅडमने तिथपर्यंत ऐकवलं नव्हतं, ती गेल्यावर न्देशीने सांगितलं. म्हणाली होती, दुसरा घोट घेतला त्यांनी, मला वाटलं नव्हतं घेतील. रविवारी आले तर तुंबा द्या त्यांना, पण बसून मिळणार नाही.

बसून मिळणार नाही याचा अर्थ काय, हे न्देशी सांगत नाही. मी जाणार नाही.

३ ऑगस्ट, दुपार

गेलो. सहज. कुंपणाजवळ काम होतं.

आइकांदेने माझ्याकडे बघितलं, पातेल्यातलं वल्हं काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, तळाला लागू द्यायचं नाही, भाऊजी, गोल नाही, आठाच्या आकड्यासारखं. मी म्हणालो, मी फक्त उभा राहतो. म्हणाली, या घरात उभं राहणाऱ्याला मिळत नाही. सासूबाईंचा नियम आहे.

ढवळलं. शेवटी तिने तुंबा भरला, स्वतः एक घोट घेतला, माझ्यापुढे धरला. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. तोंडाशी आलेलं वाक्य गिळलं आणि प्यायलो.

पातळ नव्हती. पातळ असते असं मला कोणी सांगितलं होतं ते आठवत नाही. बहुतेक ओबेदीने.

१७ ऑगस्ट

मोशीतला कार्यक्रम झाला. मला बोलावणं होतं, खुर्ची मागची होती. माझ्या खोकल्याला लोक हसले. दोनदा लावायला लावला.

आज मॅडमबरोबर शहरातले लोक आइकांदेच्या अंगणात आले, फोटो काढायला. मी पातेल्याशी होतो. आठाच्या आकड्यासारखं. दंड भरून आले आहेत, धूर नाकात, आणि आइकांदे मागून सांगते आहे, भाऊजी, तळ, तळ.

माझी पांढरी टोपी धुरात खराब होईल म्हणून खुंटीला लावली होती. ओबेदीने ती घातली. हातात काठी घेतली. पिंपाशी उभा राहिला, भिंतीला धरून. शहरातले लोक आधी त्याच्याकडे गेले, त्याला नमस्कार केला, आणि विचारू लागले की आजोबा, हा धंदा इथे कोणी सुरू केला.

त्याचा फोटो काढला. मागे मी आलो आहे, असं न्देशी म्हणते. धुरात नीट दिसत नाही.